ठेंगण्या, गडद दांड्याच्या हेलिऑप्सिससाठी : प्रकल्प नोंदी, २०१७ ते २०२५

१२ मार्च २०१७

या वहीत आजपासून एकाच कामाच्या नोंदी राहतील. हेलिऑप्सिस हेलिअँथॉइडिस, म्हणजे ज्याला बागकाम करणारे खोटे सूर्यफूल म्हणतात, त्याचा नवा वाण तयार करण्याचा हा प्रयत्न आहे. हे झाड तीन ते पाच फूट वाढते, उन्हाळाभर फुलते, हिवाळ्यात जमिनीवरचा भाग पूर्ण वाळतो आणि वसंतात त्याच ठोंबातून नवे कोंब फुटतात. मूळचे ते उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातील गवताळ माळांचे आणि वनांच्या कडांचे असल्यामुळे माती गोठवणाऱ्या थंडीची त्याला सवय आहे. मग नवा वाण कशाला, असा प्रश्न येतो. माझ्या तीन तक्रारी आहेत. कसदार मातीत झाड उंच होते आणि पहिल्याच वादळी पावसात मधोमध फाकते, त्यामुळे काठ्या लावाव्या लागतात. ऑगस्टमध्ये खालच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी, चढते. आणि माझ्याकडच्या ज्या झाडांचे दांडे सुंदर काळपट लाल आहेत, त्यांपैकी एकही ठेंगणे नाही.

म्हणून उद्दिष्ट असे ठरवले आहे : दांडा गडद, उंची ७५ सेंटिमीटरच्या आत, काठीशिवाय उभे राहणारे आणि भुरीला सहजी बळी न पडणारे झाड. फुलाचा रंग नेहमीचा सोनेरी पिवळा राहिला तरी चालेल.

लिनियसने १७५३ मध्ये ही वनस्पती बुफ्थाल्मम या प्रजातीत घातली होती. हेलिऑप्सिस ही प्रजाती पर्सूनने १८०७ मध्ये मांडली आणि त्या नावाचा अर्थ ‘सूर्यासारखे दिसणारे’ एवढाच आहे. खऱ्या सूर्यफुलापासून ते वेगळे काढण्याची एक साधी खूण आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरे तर शेकडा-दीडशे लहान पुष्पकांचे स्तबक असते. कडेची पाकळीसारखी दिसतात ती किरणपुष्पके आणि मधल्या चकतीतील ती बिंबपुष्पके. सूर्यफुलाची किरणपुष्पके वांझ असतात, ती नुसती शोभेची. हेलिऑप्सिसची किरणपुष्पके मात्र मादी असतात आणि त्यांच्या बुडाशी बी धरते. संकर करताना या फरकाचा किती उपयोग होतो ते पुढच्या वर्षी कळेल.

आई-बाप म्हणून तीन वंश निवडले आहेत : गडद दांड्याचा ‘समर नाइट्स’, हिरव्या दांड्याचा जुना ‘समर सन’, आणि खरखरीत पानांच्या स्काब्रा या उपप्रकाराची रानातील बियांपासून वाढवलेली झाडे. पहिले दोन्ही वंश बियांपासूनच विकले जातात, त्यामुळे त्यांची सगळी रोपे एकसारखी निघणार नाहीत, हे गृहीत धरले आहे.

८ एप्रिल २०१७

स्काब्राच्या साठ बिया जानेवारीच्या अखेरीस ओलसर वाळूत घालून सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. दुसऱ्या साठ बिया कोरड्याच ठेवल्या. दोन्ही एकाच दिवशी पेरल्या. थंडी दिलेल्या बियांतून ४९ रोपे आली, न दिलेल्यांतून २६. बागेतील वंशांच्या बियांत असा फरक जवळजवळ दिसला नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने पेरून, जे लवकर उगवले तेच राखून, बियांची झोप आपोआप कमी केली असावी.

३० ऑगस्ट २०१७

काही रोपे पहिल्याच वर्षी फुलली. निवड अजून करत नाही, कारण पहिल्या वर्षीची उंची फसवी असते. फक्त दांड्याचा रंग नोंदवला.

१९ जुलै २०१८

आज संकराला सुरुवात केली. सकाळी साडेसातला भिंग आणि टोकदार चिमटा घेऊन ‘समर सन’च्या सात क्रमांकाच्या झाडापाशी बसले. हे झाड त्या वंशातील सर्वांत बुटके आहे. स्तबक उमलताना आधी कडेची किरणपुष्पके उघडतात. प्रत्येकीच्या बुडाशी दोन टोकांत फुटलेली पिवळी कुक्षी, म्हणजे पराग घेणारा मादी भाग, डोके वर काढते. बिंबपुष्पके त्यानंतर, बाहेरच्या ओळीपासून आत, दिवसाला एक-दोन ओळी या गतीने उघडतात. प्रत्येक बिंबपुष्पकात पाच परागकोष एकमेकांना चिकटून एक नळी झालेली असते. पराग या नळीच्या आतल्या बाजूला सुटतो आणि खालून वाढणारा कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा दांडा, पिचकारीच्या दट्ट्यासारखा तो वर ढकलत नेतो. सकाळच्या उन्हात नळीच्या तोंडावर पिवळ्या भुकटीचा कण जमताना दिसतो. त्यानंतर तोच कुक्षीवृंत टोकाला दुभंगतो आणि पराग घ्यायला तयार होतो. म्हणजे एकेक बिंबपुष्पक आधी नर असते आणि मग मादी.

बिंबपुष्पकांचे नर अवयव एकेक करून काढणे हे माणसाच्या बोटांचे काम नाही. किरणपुष्पकांत मात्र पुंकेसरच नसतात, त्यामुळे काढायचे काही उरत नाही. म्हणून सगळी बिंबपुष्पके कळीतच असताना चिमट्याने उपटून टाकली आणि कडेचे वर्तुळ तेवढे ठेवले. प्रत्येक बिंबपुष्पक एका खवल्याच्या कुशीत बसलेले असते आणि तो खवला चिमट्याला घट्ट धरून ठेवतो. एका स्तबकाला मला बारा-तेरा मिनिटे लागली. आतली लहान कळी राहून गेली तर ती दोन दिवसांनी उमलून घोळ करते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंगातून पाहायचे असे ठरवले आहे. स्तबकावर जाळीच्या कापडाची पिशवी बांधली. परागासाठी ब्रश वापरून पाहिला, पण त्याच्या केसांत पराग अडकून राहतो आणि दर वेळी स्पिरिटने धुऊन वाळवावा लागतो. त्यापेक्षा ‘समर नाइट्स’चे ताजे स्तबक देठासह खुडून आणले आणि ते उलटे धरून कुक्षींवर हलकेच फिरवले. हे सोपे आहे आणि वाया काहीच जात नाही.

एका स्तबकातून या पद्धतीने फार तर बारा-पंधरा बिया मिळणार. संख्या कमी असली तरी आई कोण आणि बाप कोण याविषयी शंका राहत नाही, आणि मला तेच हवे आहे.

याच्या जोडीला एक चाचणी लावली आहे. दोन्ही झाडांची दहा-दहा स्तबके पिशवीत बंद करून त्यांना त्याच झाडाचा पराग दिला आहे. सूर्यफुलाच्या कुळात स्वतःचा पराग नाकारणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत. हेलिऑप्सिसही त्यांपैकीच आहे, पण माझी झाडे कितपत काटेकोर आहेत ते पाहायचे आहे.

६ ऑगस्ट २०१८

रात्रीच्या वाऱ्यात तीन पिशव्या उडाल्या. त्या स्तबकांवर मधमाश्या बसलेल्या मी स्वतः पाहिल्या, म्हणून तिन्ही कापून टाकली. जीव हळहळला.

२७ सप्टेंबर २०१८

बी गोळा केले. हेलिऑप्सिसची किरणपुष्पके सुकली तरी गळत नाहीत, कागदासारखी होऊन बीला चिकटूनच राहतात. त्यामुळे कोणते बी किरणपुष्पकाचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांचे बी तीन कडांचे असते आणि बिंबपुष्पकाचे चार कडांचे. भरलेले बी नखाने दाबले तर कडक लागते, पोकळ बी चपटे होते. ३१ स्तबकांतून १६४ भरलेल्या बिया मिळाल्या. स्व-परागणाच्या वीस स्तबकांत, त्यांची बिंबपुष्पके राखलेली असूनही, मिळून अकराच भरलेल्या बिया निघाल्या. झाडे काटेकोर आहेत.

याचा पुढच्या आखणीवर मोठा परिणाम होतो. वाटाण्यासारखे पीक असते तर पहिल्या पिढीतील एक झाड स्वतःवरच फळवून दुसरी पिढी काढता आली असती. येथे ते बंद आहे. दुसरी पिढी काढायची तर भावंडांचाच आपसात संकर करावा लागेल. शिवाय जे झाड स्वतःला फळवू शकत नाही ते पिढ्यान्‌पिढ्या मिश्र राहते, म्हणून माझे आई-बापही शुद्ध नाहीत आणि पहिल्या पिढीतच भावंडे एकमेकांपेक्षा वेगळी निघणार.

१४ ऑगस्ट २०१९

पहिल्या पिढीची ३८ झाडे वाफ्यात आहेत आणि बहुतेक फुलली आहेत. अंदाज खरा ठरला : १८ झाडांचे दांडे गडद आहेत, २० हिरवे. साधारण निम्मे-निम्मे पाहता एकच प्रभावी जनुक दांडा गडद करत असावे आणि ‘समर नाइट्स’च्या माझ्या झाडात त्याची एकच प्रत असावी, असे वाटते. मात्र गडद झाडांतही छटा वेगळ्या आहेत. कोणी वांग्यासारखे, कोणी नुसते तांबूस. म्हणजे मुख्य जनुकाला मदत करणारी आणखी काही असणार. उंची सगळ्यांची मधली आहे, त्यात काही उठून दिसत नाही.

गडद आणि त्यातल्या त्यात बुटक्या अशा झाडांच्या नऊ जोड्या लावल्या. भावंडांच्या संकरात एक अडचण असते. स्वतःचा पराग ओळखून नाकारणारी जी जनुके आहेत ती भावंडांत सारखी आली, तर भाऊ-बहिणीचा परागही ‘आपलाच’ म्हणून नाकारला जातो. म्हणून नऊ जोड्या. त्यांतील काही रिकाम्या जातील हे धरूनच चालले आहे.

३ ऑक्टोबर २०१९

नऊपैकी तीन जोड्या जवळजवळ रिकाम्या गेल्या. उरलेल्या सहांतून पुरेसे बी मिळाले. चिमण्यांएवढ्या पिवळ्या पक्ष्यांनी शेवटच्या आठवड्यात न बांधलेली स्तबके साफ केली. त्यांचे त्यांना लखलाभ, माझ्या पिशव्या शाबूत होत्या.

२५ मे २०२०

दुसऱ्या पिढीची २०६ रोपे लावली. दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवले. दर दहाव्या जागी भुरीला हमखास बळी पडणारे एक जुने झाड मुद्दाम लावले आहे. रोगाचा उगम सगळीकडे सारखा नसेल, तर रोग न आलेले झाड खरोखर चिवट आहे की केवळ सुदैवी, हे कळत नाही. भुरीला इतर अनेक बुरशींसारखे पान ओले असावे लागत नाही. कोरडे दिवस, दमट रात्री आणि दाटीची लागवड एवढे तिला पुरते. म्हणून कोरड्या उन्हाळ्यातही तपासणी चालू राहील.

या रोपांवर शेंडे खुडणे, मे महिन्यात अर्धी छाटणी करणे असले काहीही करायचे नाही. बागेत हे उपाय उत्तम आहेत, पण ते उंचीवर पांघरूण घालतात आणि मला उंचीच पाहायची आहे.

११ एप्रिल २०२१

एक चूक लिहून ठेवते. गेल्या वर्षी पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर ‘न पुसणाऱ्या’ शाईने क्रमांक लिहिले होते. उन्हाने शाई उडाली. नकाशा काढलेला होता म्हणून बहुतेक झाडे पुन्हा ओळखता आली, पण जेथे मधली रोपे मेली होती तेथे मोजणी सरकली आणि अकरा झाडे अनामिक झाली. आता अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि साधी पेन्सिल. पेन्सिलचे शिसे धातूवर उन्हात टिकते. वाचता येईना तरी ओरखडा उरतो.

२ ऑगस्ट २०२१

दुसऱ्या वर्षाची झाडे आता खरे रूप दाखवत आहेत. क्रमांक असलेल्या हयात १८७ झाडांपैकी १३६ गडद दांड्याची आहेत, म्हणजे साधारण चारात तीन. दोन वर्षांपूर्वी बांधलेल्या अंदाजाशी हे जुळते.

आणि ४३ क्रमांक. दांडा जवळजवळ काळा, पानांच्या शिरांपर्यंत लाली उतरलेली, उंची ६६ सेंटिमीटर, दांडे बोटाने ढकलले तरी परत सरळ होतात. भुरीचा डागही नाही. कुंपणाच्या झुडपांपासून दोन फुटांवर हे झाड उभे आहे आणि सकाळी त्यावर तिरके ऊन पडले की नजर हटत नाही. मी या झाडाची वीसेक छायाचित्रे काढली, हे कबूल करायला हवे.

निवडीसाठी ठेवलेल्या बाकीच्या सात उमेदवारांतील सहा चांगले आहेत. शेवटचे, ११८ क्रमांकाचे झाड, ओळीच्या मधोमध आहे. उंची ७२ सेंटिमीटर, भुरी किरकोळ. त्याच्यापुढे समासात मी ‘बरे, पण रंग फिका’ असे लिहिले आहे.

२८ एप्रिल २०२२

आठही उमेदवारांच्या कलमा केल्या. कोंब दहा सेंटिमीटरच्या आत असताना, बुडाशी थोडा ठोंबाचा भाग ठेवून कापायचा. तो आणखी वाढला की दांडा आतून पोकळ होतो आणि पोकळ कलम मुळे न फुटताच कुजते. याची खात्री पटावी म्हणून दहा पोकळ कलमाही लावल्या, त्यांपैकी एक जगली.

दर उमेदवाराची नऊ रोपे, एकूण ७२. ती तीन ठिकाणी विभागून लावायची आहेत : ‘अ’ वाफा कंपोस्ट घातलेला, ओल धरणारा, ‘ब’ वाफा उताराचा, वाळूमिश्रित, आणि ‘क’ म्हणजे ४३ क्रमांक जेथे उभा आहे ती कुंपणालगतची पट्टी. एका झाडाच्या कलमा अनुवांशिकदृष्ट्या एकच असतात, म्हणून त्यांच्यात जो फरक दिसेल तो जागेचा असणार, आणि सगळ्या जागी जे सारखे राहील ते झाडाचे. हे पाऊल मी गेल्याच वर्षी निदान ४३ पुरते उचलायला हवे होते. छायाचित्रांत वेळ गेला.

१६ जुलै २०२३

कलमांचे दुसरे वर्ष, म्हणून आजची मापे धरायची. प्रत्येक आकडा तीन झाडांची सरासरी आहे.

४३ क्रमांक : ‘क’ पट्टीत ६९ सेंटिमीटर, ‘ब’ मध्ये ८८, ‘अ’ मध्ये ११२.

‘अ’ वाफ्यातली तिन्ही झाडे परवाच्या पावसात आडवी झाली आहेत, दांडे बाहेरच्या बाजूला पसरून मध्ये खड्डा पडला आहे. ज्या ठेंगणेपणावर मी भाळले होते तो त्या झाडाचा नव्हताच. तो कुंपणाच्या झुडपांचा होता, ज्यांची मुळे त्या पट्टीतील पाणी आणि अन्न आधी पिऊन टाकतात. दांड्याचा काळा रंगही ‘अ’ मध्ये बराच उतरला आहे. अन्नाची, विशेषतः नत्राची, तूट असली की झाडात लाल रंगद्रव्य जास्त साठते, हे मला माहीत असून ते मी या झाडाला लावून पाहिले नाही. उपाशी झाड देखणे दिसत होते.

आता ११८ : ‘क’ मध्ये ६६, ‘ब’ मध्ये ७१, ‘अ’ मध्ये ७४. तीन जागांत मिळून आठ सेंटिमीटरचा फरक.

विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. मग दोन्ही झाडांच्या एकेका दांड्यावरची पेरे मोजली. ४३ च्या ‘अ’ आणि ‘क’ मधील दांड्यांवर पेरे जवळजवळ तितकीच आहेत, ‘अ’ मध्ये फक्त दोन पेरांमधले अंतर ताणले गेले आहे. ११८ मध्ये हे अंतर कोठेही साडेपाच सेंटिमीटरच्या वर गेलेले नाही. दांडा कापून पाहिला तर त्याची भिंत जाड आहे आणि पोकळी लहान. त्याचे ठेंगणेपण असे आतून आलेले आहे.

रंग ‘फिका’ असे दोन वर्षांपूर्वी लिहिले होते, तो तिन्ही जागी तसाच फिका आहे.

२९ ऑगस्ट २०२३

भुरीची तपासणी खालच्या एक तृतीयांश पानांवर केली आणि ० ते ५ असे गुण दिले. ‘अ’ वाफ्यात ४३ ला ३, ११८ ला १. शेजारची मुद्दाम लावलेली झाडे ५ वर आहेत, म्हणजे रोग पोहोचला नाही असे म्हणता येणार नाही. लाल मावा दोन्हींच्या कोवळ्या शेंड्यांवर होता. पाण्याचा फवारा मारून काढला. त्याबाबत कोणताच उमेदवार वेगळा नाही.

१० एप्रिल २०२४

हिवाळ्याने ७२ पैकी नऊ रोपे नेली आणि त्यांतील सात ‘अ’ वाफ्यातील आहेत. तेथे फेब्रुवारीत बर्फ वितळून पाणी साचले आणि पुन्हा गोठले. थंडीने झाड मरत नाही; ओल्या, गोठणाऱ्या-वितळणाऱ्या मातीत ठोंब कुजतो. ‘ब’ मध्ये दोन ठोंब मातीने वर उचलून दिले होते, मुळे उघडी पडली होती. दाबून बसवले आणि ते फुटले. पुढच्या वर्षी आच्छादन माती गोठल्यानंतर घालायचे, आधी नाही. आच्छादन ऊब देण्यासाठी नसते. एकदा गोठलेली माती तशीच गोठलेली राहावी, मधल्या उबदार दिवसांत ती सुटू नये, यासाठी ते असते.

११८ ची नऊपैकी आठ रोपे जिवंत आहेत. ४३ ची सहा.

२१ जुलै २०२४

११८ चे दोष आता प्रामाणिकपणे लिहायला हवेत, कारण या झाडाच्याही मी प्रेमात पडू लागले आहे.

पहिला दोष असा की कडक उन्हाळ्यात दांड्याचा रंग आणखी फिका होतो. मे महिन्यात तो मनुकांसारखा असतो, आजच्या उन्हात तांबूस-हिरवा आहे. लाल रंगद्रव्य थंड रात्रींत जास्त तयार होते आणि उष्णतेत कमी, त्यामुळे सगळ्याच गडद वाणांना हे थोडेफार भोगावे लागते. पण ११८ चे भांडवलच कमी असल्याने ते लवकर संपते. दुसरा दोष अधिक त्रासदायक आहे. सुकलेली किरणपुष्पके गळत नाहीत हे बी काढताना सोयीचे होते. बागेत मात्र ठेंगण्या, दाट झाडावर नव्या फुलांच्या मधोमध जुन्या फुलांची कागदी, गव्हाळ चकती तशीच बसून राहते. उंच झाडात ती वर-खाली विखुरते आणि दिसत नाही. येथे सगळी फुले एकाच पातळीवर असल्याने दहापैकी चार जुनी असली तरी झाड मळलेले वाटते. आठवड्याला एकदा खुडावी लागतात. वाणाच्या वर्णनात हे लिहिणार आहे.

रंगासाठी ११८ चा संकर दुसऱ्या पिढीतील १५२ या सर्वांत गडद झाडाशी केला. त्याची दांडगाई मला नको आहे, रंग हवा आहे. ती वेगळी वही असेल.

१८ मे २०२५

वाणाच्या हक्कासाठी अर्ज करायचा की नाही, याचा विचार सुरू केला आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेल्या पद्धतीनुसार नवा वाण तीन कसोट्यांवर तपासला जातो : तो ज्ञात वाणांपेक्षा स्पष्टपणे वेगळा हवा, त्याची झाडे आपसात सारखी हवीत आणि वाढवत नेल्यावर त्याचे गुण टिकायला हवेत. कलमाने वाढवलेल्या झाडाला दुसरी आणि तिसरी कसोटी तितकी अवघड नसते. पहिली अवघड आहे, कारण ठेंगणे हेलिऑप्सिस ‘टस्कन सन’च्या रूपाने आधीच बाजारात आहे. माझे वेगळेपण दांड्याच्या रंगात आणि पेरांच्या अंतरात आहे. म्हणून तो वाण विकत आणून ‘ब’ वाफ्यात ११८ च्या शेजारी लावला आहे; दोन उन्हाळे एकाच मातीत मोजल्याशिवाय ‘वेगळे’ हा शब्द वापरायचा नाही.

चौथी अट नवेपणाची आहे. अर्ज करायच्या देशात वाण एक वर्षाहून अधिक काळ आधी विकलेला चालत नाही. शेजारच्या काकूंनी दोन वर्षे एक ठोंब मागितला आहे. भेट म्हणजे विक्री नव्हे, पण भेट दिलेला ठोंब पुढे कोणाच्या रोपवाटिकेत पोहोचेल यावर माझा ताबा राहणार नाही. त्यांना ४३ क्रमांकाचा ठोंब दिला आणि कुंपणाजवळ लावायला सांगितले. तेथे तो फार छान दिसतो.

नावाचाही नियम आहे : १९५९ पासून दिलेले वाणाचे नाव लॅटिन चालत नाही, आणि ते एकेरी अवतरणचिन्हांत लिहायचे असते. सध्या पट्टीवर ११८ एवढेच आहे आणि त्याची मला सवय झाली आहे.

१४ सप्टेंबर २०२५

या वर्षीची ‘ब’ वाफ्यातील सरासरी : ११८ ची ७३ सेंटिमीटर, शेजारच्या बाजारातील वाणाची ६१. माझे झाड उंच ठरले. ‘ठेंगणा’ हा शब्द मथळ्यात मीच लिहिला आहे, तो वर्णनात ‘मध्यम’ करावा लागेल. दांड्याचा रंग मात्र मे महिन्यात आणि आजही सरळ वेगळा ओळखू येतो. मधल्या दोन उष्ण महिन्यांत नाही. रंगाची नोंद महिन्यातून एकदा, ढगाळ सकाळी, रंगतक्त्याशी लावून घ्यायची, असे ठरवले, कारण भर उन्हात माझ्या डोळ्यांना ११८ नेहमीच जास्त लाल दिसते.

११८ आणि १५२ च्या संकराची ५४ रोपे तयार आहेत. त्यांतील अकरा जून महिन्यातच वांग्यासारखी होती. ती सगळी ‘अ’ वाफ्यात, कंपोस्टात लावली आहेत; कुंपणाजवळ एकही नाही. उद्या पाऊस नसेल तर ११८ चे तीन ठोंब खणून कोंब मोजायचे आणि पुढच्या वसंतासाठी पट्ट्या लिहून ठेवायच्या आहेत.